शेजारच्या स्लॅबचं पाणी

आमच्या ह्यांना स्वस्थ बसणं ठाऊकच नाही. चाळीस वर्षं गवंडीकाम केलं, दोन वर्षांपूर्वी परांचीवरून पडले. मांडीत सळई बसली आणि शिडीचं नाव काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मुलगी तर थापी, ओळंबा, सगळी हत्यारं पिशवीत भरून सासरी घेऊन गेली. तेव्हापासून घरभर येरझारा. बागेत मदत करा म्हटलं, तर माझ्या मिरचीच्या वाफ्याची कड सरळ आहे का ते एक डोळा मिटून बघत बसतात. मिरचीला काय करायचंय त्याचं!

त्यात कुंपणापलीकडे बँकेतल्या साहेबांनी घर बांधायला काढलं. झालं. विटा भिजवल्या नाहीत, कोपरा बाहेर गेलाय, असं पुटपुटत हे आत यायचे आणि पुन्हा बाहेर जायचे. घर त्यांचं, तुमचा जीव का खालीवर होतोय, असं मी विचारायची.

स्लॅब पडला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मजूर फिरकलेच नाहीत. नव्या स्लॅबवर पाणी मारत राहावं लागतं, नाहीतर तडे जातात, हे एवढ्या वर्षांत मलाही कळतं. ऊन मरणाचं होतं. दुपारी माझा बागेतला पाइप दिसेना. बघते तर हे शेजारच्या शिडीवर, चौथ्या पायरीवर, पाइप खांद्यावर. मी ओरडले नाही, हे दचकून पडले असते. गोड बोलून खाली उतरवलं आणि मग जे तोंड सोडलं, ते गल्लीभर ऐकू गेलं असेल.

मजूर संध्याकाळी उगवले आणि चार बादल्या ओतून गेले. ह्यांनी ताटाला हात लावला नाही. एवढंच म्हणाले, "तिकडे स्लॅब वाळतोय आणि मी इथे बसून आहे. पडलो तेव्हा तुम्ही सगळ्यांनी मला वाचवलंत कशाला?"

मला रडूच आलं. तशीच उठले आणि साहेबांच्या भाड्याच्या घरी गेले. ते बिचारे भांडणाच्या तयारीने दारात आले. मी म्हटलं, पाणी मारायला माणूस हवाय म्हणून ठेकेदाराला आमच्याकडे पाठवा. मजुरी द्या, नाहीतर ह्यांना संशय येईल. शिडी वरखाली घट्ट बांधून घ्या. आणि मी आले होते हे कुठे बोलू नका.

सकाळी ठेकेदार फाटकाशी येऊन विनवायला लागला. हे म्हणाले, "बघतो, वेळ मिळाला तर." जसे काही दहा बंगले चालू आहेत! पाच मिनिटांत शिडीपाशी हजर.

आता हे पोटभर जेवतात, गाढ झोपतात, आणि येरझारा मी घालते. मुलीला अजून सांगितलेलं नाही. बागेतून स्लॅबवरचं माणूस दिसत नाही, नुसतं कोपऱ्यावरून गळणारं पाणी दिसतं. ते गळतंय तोवर मी खुरपं चालवते. थांबलं की हाक मारते. काहीतरी विचारायला हवं म्हणून विचारते, चहा टाकू का? दिवसातून आठदहा वेळा.

आज पाणी थांबलं. मी हाक मारली. वरून काही नाही. हातातलं खुरपं टाकून कुंपणापाशी धावले, पुन्हा विचारलं, "अहो, चहा टाकू का?"

"आहे गं मी," वरून आवाज आला. "पडलो नाही."