मागाच्या पायाशी झोपलेली पोर

भोंगाबाईने कारखान्यात वीस वर्षांत पहिल्यांदाच अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली, तीही मुकादमाच्या कानाशी ओरडून, कारण चाळीस मागांच्या खडखडाटात दुसरा इलाज नसतो. अकरा वाजता शाळेत चिमीची तोंडी परीक्षा होती. पोर पाचवीत दोनदा आपटली होती. आजही जमलं नाही तर काय, हे चिमीच्या बापाने ठरवून टाकलं होतं. शाळा बंद, आणि सोमवारपासून आईच्याच कारखान्यात मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायच्या.

"तिच्या डोक्यात शिरत नाही काही," तो सकाळी म्हणाला होता. "उगाच बाकं झिजवून काय होणार?"

"अहो, आजचा दिवस तर जाऊ द्या."

"जाऊ देतोय की. दोन वर्षं तेच करतोय."

तो वाईट माणूस नव्हता. पोरीवर त्याने कधी हात उगारला नव्हता. त्याने नुसती आशा सोडली होती, आणि आशा सोडलेल्या माणसाशी भांडावं तरी कसं, हे भोंगाबाईला समजत नव्हतं.

भोंगाबाई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. तिने साधं "पाणी द्या" म्हटलं तरी तिसऱ्या घरातला माणूस तांब्या घेऊन उभा राहील, असा तिचा आवाज होता, म्हणून कारखान्याने ते तिला चिकटवलं. कान केव्हाच कामातून गेले होते. पण तिथे सगळ्यांचीच ती गत असल्याने कोणाचं काही अडत नसे. समोरच्याचे ओठ बघायचे, हाताने खुणा करायच्या, की झालं बोलणं. सूत तुटलं तर मागाच्या चौकटीवर ठेवलेल्या तळव्याला कळायचं. घरातही तीच रीत होती. कोणाला काही सांगायचं तर खांद्याला हात लावायचा, तोंड समोर आणायचं आणि मग बोलायचं.

चिमी याच रीतीत वाढली. घरी सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून तान्ही असल्यापासून ती आईबरोबर कारखान्यात यायची आणि मागाच्या पायाशी, सुताच्या रिकाम्या खोक्यात झोपायची. बायका कौतुकाने बघायला यायच्या. एवढ्या दणदणाटात पोर दचकत नाही, रडत नाही, किती शहाणी. भोंगाबाईला अगदी भरून यायचं.

शाळेला आज सुट्टी होती. रिकाम्या वर्गात पहिल्या बाकावर चिमी एकटी बसली होती, आणि वर्गाच्या बाई हातात वही घेऊन येरझारा घालत होत्या. भोंगाबाईला त्यांनी बाहेर बसायला सांगितलं होतं. ती व्हरांड्यातल्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. आतलं तिला ऐकू येत नव्हतं, पण बाईंचे आणि चिमीचे ओठ दिसत होते, आणि तेवढं तिला पुरे होतं.

"एका पेटीत बारा वह्या. सात पेट्यांत किती?"

"चौऱ्याऐंशी," चिमी म्हणाली.

पुढचंही उत्तर बरोबर आलं. भोंगाबाईच्या जिवात जीव आला. मग बाई फळ्याकडे वळल्या, खडूने काहीतरी काढू लागल्या. काढून झाल्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं. चिमी गप्प. बाईंनी वहीत फुली मारली आणि पुन्हा फळ्याकडे वळल्या. चिमी पुन्हा गप्प. दुसरी फुली.

बोल गं बये, भोंगाबाई मनातल्या मनात चिडली. असं विचारलंय तरी काय एवढं अवघड? आणि तिथेच ती थबकली. काय विचारलं, ते तिलाही माहीत नव्हतं. बाईंची पाठ फिरली होती. जिथे तिला कळायचं थांबलं, नेमकं तिथेच पोरीलाही कळायचं थांबलं होतं.

परवानगी न विचारता ती आत शिरली.

"बाई, तिला ऐकू येत नाही."

बाई दचकल्या. "ताई, हळू बोला. आणि आत्ताच तिने दोन उत्तरं दिली ती कशी?"

"तुमचं तोंड बघून. मी पण तसंच बघते."

बाईंचा विश्वास बसला नाही. पोरांसाठी पालक काय काय सबबी सांगतात, हे त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं. "ठीक आहे, बघू या," म्हणत त्या चिमीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"तुझी आई काय काम करते?"

चिमी समोर उभ्या असलेल्या आईकडे बघत राहिली. भोंगाबाईला बाईंचे ओठ स्वच्छ दिसले. 'माग चालवते' एवढंच तर सांगायचं होतं, आणि सवयीने तिचे ओठ हललेच असते. पण आता एक शब्द जरी ओठांवर आला तर चिमी तो उचलणार, उत्तर देणार, आणि बाई म्हणणार, ऐकू तर येतंय, पोरच कामचुकार आहे. मग सोमवारी कांड्या. भोंगाबाईने एका हाताने तोंड घट्ट दाबलं आणि दुसरा हात, तोही बोलून जाईल म्हणून, पाठीमागे नेला.

बाईंनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा तर ओरडूनच.

चिमीचे डोळे भरून आले होते. आवाज न काढता, कारखान्यात बोलतात तसं नुसत्या ओठांनी, तिने आईला विचारलं, "काय विचारलं? सांग ना."

भोंगाबाई उभीच राहिली. पोरीला वाटलं, आई रागावली आहे.

मग बाई सावकाश पुढे आल्या, चिमीसमोर वाकल्या आणि तोच प्रश्न चौथ्यांदा विचारला.

"माग चालवते," चिमी म्हणाली, रिकाम्या वर्गात दणकन घुमेल अशा आवाजात.

बाईंनी वहीतल्या दोन्ही फुल्या खोडल्या. खुर्ची ओढून त्या समोर बसल्या आणि राहिलेले प्रश्न त्यांनी तोंड न फिरवता विचारले. एक चुकला, बाकी सगळे बरोबर आले.

"सहावीत जाईल ही," त्या म्हणाल्या. "पहिल्या बाकावर बसेल. पण आधी डॉक्टरांना कान दाखवा. कधीपासून ऐकू येत नाही हिला?"

भोंगाबाईने तोंडावरचा हात काढला. तिचा आवाज इतका खाली गेला की बाईंनाच पुढे झुकावं लागलं.

"लहानपणी फार गुणी होती, बाई. कितीही आवाज होऊ दे, उठायची म्हणून नाही."