सिनेमात स्वयंपाकघर नव्हतं

बालाजी घाटाजवळ राहणारे सुमंतराव भाचीला घेऊन दोन पुरुषांच्या प्रेमाचा सिनेमा बघायला गेले. काशीतच चित्रित झालेला. धुकं, दिवे, गंगा, सगळं देखणं. ती दोन पोरं मात्र शेवटपर्यंत एकमेकांकडे नुसती बघत राहिली.

"कसा वाटला, मामा?" मालविकानं विचारलं.

"घाट झकास दिसलेत. पण मेले एकदा तरी भांडले का? आमटीत गूळ जास्त झाला की विश्वेश दिवसभर फुगून बसायचा."

विश्वेश आणि ते आयुष्यभर एका घरात राहिले. गेल्या वर्षी विश्वेश गेला तेव्हा मणिकर्णिकेवर चितेपाशी मात्र सुमंतरावांना कुणी पुढे बोलावलं नाही. ते शेजाऱ्यांत उभे राहिले. निदान पडद्यावर तरी आपला संसार दिसेल, म्हणून ते आले होते.

"एवढा खर्च केला," ते म्हणाले, "एक स्वयंपाकघर दाखवायचं होतं."