पालखी खांद्यावर आणि तिसरा हुकूम

"डाक्तरसाहेब, पालकी उचलली. आता खाली ठेवाची न्हाय," शिवराम मानकरी म्हणाला.

त्याच्या खांद्यावर ग्रामदेवीची पालखी, मागे अख्खं गाव, आणि देवळापुढच्या पाणंदीत वाट अडवून मी उभा. हातात मामलेदारांचा हुकूम होता. टोचून घेतल्याशिवाय कोणीही पालखीबरोबर घरोघर फिरायचं नाही.

मी तेव्हा खेडच्या बाजूला लोकल बोर्डाच्या दवाखान्यात डॉक्टर होतो. मिठाचा सत्याग्रह होऊन गेला होता. शिमगा तोंडावर आला आणि जगबुडी नदीकाठच्या या गावात पटकी शिरली. पटकी म्हणजे कॉलरा. घाण पाण्यातून पोटात जातो आणि सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी दिसत नाही. खालच्या वाडीत तिरड्या उठायला लागल्या होत्या. लस वेळेत टोचली नाही तर गाव हातचं जाणार, या धास्तीने मला अन्न गोड लागत नव्हतं.

सरकारचं मात्र तळ्यात-मळ्यात. पहिला हुकूम आला, शिमग्याच्या पालख्या बंद. त्यावर बोंबाबोंब झाली. दुसरा आला, पालख्या चालू, पण विहिरींत औषध टाका. मी परमँगनेट टाकलं. पाणी जांभळं झालेलं पाहून बायकांनी घागरी उचलल्या आणि थेट नदी गाठली, म्हणजे जिथे रोग होता तिथेच! मग हा तिसरा.

त्यावर बोर्डात मीटिंग झाली. माहिती द्यायला मलाही बोलावलं होतं. तुरुंगात जाऊन आलेले एक खादीवाले वकील मेंबर होते. ते तावातावाने उठले.

"आधी पालखी बंद, मग जांभळं पाणी, आता सुई! लोकांनी विश्वास ठेवायचा कशावर?"

"अनुभव आला की उपाय बदलतो, वकीलसाहेब," अध्यक्ष रावसाहेब म्हणाले.

"अनुभव कसला? रोग तोच आहे. साहेब बदलला!"

सभा हसली. मलाही हसू आलं. खरं सांगायचं तर दोघांचंही थोडं थोडं बरोबर होतं. पण लस पेटीतच पडून होती आणि ती कोणी कशी टोचायची, याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

आणि आता ही पाणंद. पालखी एकदा उचलली की सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या ओट्यावर नेल्याशिवाय टेकवायची नाही, ही तिथली रीत. पुढे जायला सरकारची मनाई, खाली ठेवायला देवीची. ढोल थांबले. गर्दीत वकीलही दिसले. म्हटलं, झालं, आता आगीत तेल.

वकील पुढे आले आणि त्यांनी बाही वर केली. "हुकमाशी माझं भांडण आहे, ते मी बोर्डात भांडेन. तुम्ही टोचा."

मी टोचलं. दुसरा कोणी हलेना.

मग शिवरामने पालखीचा दांडा उजव्या खांद्यावर घेतला आणि डावा दंड माझ्यापुढे केला. बाकीच्या खांदेकऱ्यांनीही तसंच केलं. मी स्पिरिटच्या दिव्यावर सुया तापवत होतो आणि पालखी त्यांच्या खांद्यांवर तशीच उभी होती. उन्हाचा ताव वाढला. दंड ठणकू लागले. खांदा द्यायचा मान ठरावीक मानकरी घरांचा. खांदा बदलायला त्यांची माणसं संपत आली. दांडा थरथरायला लागला.

शिवराम मागे वळून ओरडला, "ज्यान टोचून घेतलान, त्यान खांदा द्यावा! मग तो खंयच्याबी वाडीचा असूदे!"

मग गर्दीच लोटली. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी देवीला लांबूनच हात जोडले, ती खालच्या वाडीची माणसं बाह्या वर करून माझ्यापुढे उभी राहिली. टोचून झालं की धावत जाऊन दांड्याखाली खांदा द्यायची. एक म्हातारा डोळे पुसत होता. मी विचारलं, "दुखलं का?" तो म्हणाला, "न्हाय वो. आयशीचा भार लागला." लस संपली तेव्हा पालखी सहाणेच्या वाटेला लागली होती.

पटकी खालच्या वाडीतच विझली. पुढच्या मीटिंगमध्ये रावसाहेब म्हणाले, सरकारचं धोरण यशस्वी झालं. वकील म्हणाले, हा लोकशक्तीचा विजय. वाद बराच रंगला.

सरकारला आपलं मत बदलायला तीन हुकूम लागले. गावाने पिढ्यांचा मान एका आरोळीत बदलला, तोही देवी खांद्यावर असताना. बोर्डाच्या कामकाजात याची नोंद नाही.