अर्ध्या खिडकीचा पडदा

सणसवाडीतल्या आमच्या भाड्याच्या खोलीला एकच खिडकी होती. काचा नव्हत्या. लोखंडी गज आणि बाहेर उघडणाऱ्या दोन लाकडी झडपा, एवढंच. रस्त्यापलीकडे, बरोबर समोर, कंपन्यांच्या बस थांबायच्या. प्रत्येक शिफ्टच्या आधी तिथे डबे घेतलेली पंधरावीस माणसं उभी असायची. आणि माणसं उभी असली की आई झडपा लावायची.

मी दहावीत होते. शिरूरच्या इंग्रजी शाळेत जात होते, पण परीक्षेआधीची सुट्टी लागल्यापासून दिवसभर घरीच असायचे. दिवसा लाइट जायची. झडपा बंद, वर पत्रा, आणि मी सकाळी अकराला मेणबत्ती लावून भूमिती सोडवतेय. मला त्याचा इतका राग यायचा की प्रमेयं पाठ व्हायची नाहीत. पण मी बोलत नसे. घरात मी फारशी कधीच बोलत नसे.

झडपांच्या फटीतून दिसतं असं कुणीतरी आईला सांगितलं. तिने ट्रंकेतून माहेरचं घोंगडं काढलं आणि चार खिळे ठोकून खिडकीवर टांगलं. मग तर बाहेर ऊन आहे की नाही हेही कळेना.

चार दिवसांनी निमोण्याहून मामा आला. आईच्या माहेरी आता शेती आहे, पण आजोबांच्या वेळेपर्यंत मेंढरं होती. मामा दारातच थांबला.

"अगं, घोंगड्याला खिळा मारला? ज्याच्यावर देव बसवतो आपण, त्याला भोकं पाडली व्हय?"

"मग काय करू दादा? समोर माणसं उभी असत्यात. पोरगी मोठी झाली."

"पोरगी मोठी झाली म्हून देवाचं आसन फाडायचं?"

आईने खिळे उपसले. घोंगडं घडी होऊन ट्रंकेत गेलं. मला वाटलं, सुटले.

पण घरमालक आप्पा ओट्यावर बसून सगळं ऐकत होते. "वहिनी, डोक्याला ताप कशाला? रविवारी गवंडी येतोय माझ्याकडं, संडासाच्या भिंतीला. तवाच ही खिडकी बुजवून टाकू. इटा हायेत."

आई म्हणाली, "बरं होईल, आप्पा."

बघणारे रस्त्यापलीकडे, आणि भिंत मात्र माझ्या बाजूला बांधायची. मी तेव्हा एवढंच म्हणाले, "रविवारपर्यंत मला काही करून बघू दे." आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू आवाज दुसऱ्याच कुठून आला.

मामा जुनी धोतरं आईला फडक्यांसाठी देऊन जायचा. त्यातलं एक मी घेतलं. धुऊन धुऊन ते इतकं विरलं होतं की उन्हात धरलं तर उजेड अख्खा आरपार यायचा, माणूस मात्र दिसायचा नाही. दुहेरी घडी घातली, वरच्या आणि खालच्या कडेला धावदोरा घालून नेफा केला. हार्डवेअरच्या दुकानातून पडद्याची स्प्रिंग आणि हूक आणले. स्प्रिंग खिडकीच्या बरोबर मध्यावर ताणली. खालची अर्धी झाकायची, वरची अर्धी मोकळी ठेवायची. पहिलाच ट्रक हायवेवरून गेला आणि पडदा माझ्या तोंडावर आला. मग खालच्या नेफ्यातही एक स्प्रिंग घातली. झडपा सताड उघडल्या. जमिनीवर उजेडाचा चौकोन पडला आणि मी त्यात वही ठेवली.

आई म्हणाली, "तुला उजेड दिसतोय. त्यांना काय दिसतंय?"

ते आतून कळणार नव्हतं. दुपारी, दुसऱ्या शिफ्टच्या वेळी, मी चप्पल घातली, रस्ता ओलांडला आणि त्या माणसांत जाऊन उभी राहिले. माझे कान तापले होते. सगळे बोलायचे थांबले.

"किधर जाना है, दीदी?" एकाने विचारलं.

"कहीं नहीं. अपनी खिड़की देख रही हूँ."

सगळ्यांनी आधी खिडकीकडे पाहिलं, मग एकदम डब्यांकडे. कुणीतरी खाकरलं. मी मात्र सावकाश, मनसोक्त पाहिलं. खाली पांढरं कापड, वर छताचा पत्रा आणि पंखा. बाकी काही नाही. त्या जागेवर मी पहिल्यांदाच बघणारी होते, आणि मला परतायची घाई नव्हती.

दिवेलागणीला पुन्हा जाऊन पाहिलं. आत ट्यूब लागली होती. पडद्यावर आईची सावली भाकरी थापत होती. हात, अंबाडा, हातातल्या बांगड्यासुद्धा मोजता आल्या असत्या. ट्यूब खिडकीसमोरच्या भिंतीवर होती, म्हणून मधे येणारं प्रत्येक माणूस पडद्यावर उमटत होतं. मी धावत घरी आले आणि ट्यूब बंद केली. आई ओरडली, "आता काय भाकरी करपवतेस?"

दुसऱ्या दिवशी वडिलांनी शिफ्टवरून आल्यावर वायर लांबवून ट्यूब खिडकीच्याच भिंतीवर, चौकटीच्या वर बसवून दिली. सावल्या आता आतल्या भिंतीवर पडू लागल्या. बाहेरून नुसतं पांढरं कापड उजळलेलं दिसे.

रविवारी आप्पा गवंड्याला घेऊन दारात उभे राहिले. "काय गं, इंग्लिश मिडीयम, वह्या उचल तिथनं. सिमेंट उडंल."

"खिडकी बुजवायची नाही, आप्पा."

"आयला, बोलती व्हय ही! आन् लोकं बघत्यात त्याचं काय?"

"तुम्ही तिकडे जाऊन उभे राहा. काय दिसतं ते सांगा."

गवंडी हसला. आप्पांना आता जाणं भागच होतं. ते रस्ता ओलांडून थांब्यावर गेले, कपाळाला हात लावून उभे राहिले, चवड्यांवर उंच झाले, मान वाकडी केली. आई पदराआडून बघत होती. मी मुद्दाम पडद्यामागे जाऊन बसले आणि वही उघडली.

आप्पा परत आले ते जरा गुरगुरतच. "काय न्हाई दिसत. पंखा तेवढा दिसतोय. लई घाण झालाय वहिनी, पुसा त्यो."

विटा संडासाकडे गेल्या. आई त्याच दुपारी स्टूल आणि ओलं फडकं घेऊन आली. मी तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं. ज्याला बघायचंच आहे, त्याने पंखा बघावा. त्या खोलीत होतो तोवर तो मी पुसू दिला नाही.