मोराला अजून एक जिलबी

आर्टिस्टमामा दुसऱ्यांची चित्रं उघडउघड चोरत आणि चोरी केल्याचं भिंतीवर लिहूनही ठेवत. मानवतमध्ये लग्नघराची दर्शनी भिंत रंगवायला लोक त्यांनाच बोलवायचे. हत्ती, मोर, वधूवरांची नावं असं सगळं झालं की उजव्या कोपऱ्यात, बारीक ब्रशनं, ते कबुली देत: 'हत्ती – आगपेटीवरून. मोर – पालमचे उस्ताद. वेल – चारठाण्याचं देऊळ, कारागिराचं नाव माहीत नाही.' स्वतःची सही मात्र कधीच नसायची. विचारलं तर म्हणत, "माझं काय हाय त्याच्यात? मी निस्ता रंग लावतो."

ते आईच्या गावचे, म्हणून मामा. मी इंग्रजी शाळेत शिकले आणि मराठी-इंग्रजी दोन्हींत गप्प राहायला शिकले. त्यांच्या दुकानाच्या पायरीवर मी तासन्‌तास बसायचे, पण "बोलत का न्हाईस?" असं त्यांनी कधी विचारलं नाही. मला ते आवडायला एवढं कारण पुरेसं होतं.

त्यांच्या या सवयीनं एकदा वरात अडली होती. कोपऱ्यात लिहिलं होतं, 'नवरीचे डोळे – सोनाराचं कॅलेंडर.' नवरदेवाच्या काकांनी ते वाचलं आणि "पोरीच्या डोळ्यांत काय खोट हाय, ते आधी सांगा," म्हणून दारातच बसकण मारली. शेवटी नवरीला बाहेर आणून डोळे दाखवावे लागले. घरच्यांनी हात जोडून ती ओळ पुसायला सांगितली. मामा म्हणाले, "डोळे पुसतो, ओळ न्हाई."

हा नियम त्यांना उस्तादांनी दिला होता. तरुणपणी उस्तादांनी भिंतीवर काढलेला मोर आवडला म्हणून मामा एसटीनं पालमला गेले आणि तो काढायची परवानगी मागितली. उस्ताद म्हणाले, "ले जाव मियाँ. मगर नचाते वखत मेरा नाम लेव." तेव्हापासून मोर कितीही घरांवर नाचला, तरी उस्तादांचं नाव सुटलं नाही.

ताईचं लग्न ठरलं तोवर भिंती रंगवणं जवळजवळ थांबलं होतं. सगळीकडे फ्लेक्स लागत. त्या हंगामात मामांना एकाही घरून बोलावणं नव्हतं. पण ताईनं लहानपणीच जाहीर केलं होतं की माझी भिंत मामांचीच. आमच्याकडे मंगल परिणय असला की पिंपळपान कुठं आणि कमळ किती उमललेलं, हे त्यांना सांगावं लागत नसे.

अडचण होणाऱ्या दाजींच्या धाकट्या भावानं केली. त्यानं पुण्याहून एआयकडून काढून घेतलेलं एक चित्र पाठवलं. त्यात ढग, मोर, कमळं, नवरा-नवरी असं सगळं चकचकीत होतं. भिंतीवर हेच पाहिजे, नाहीतर आम्ही फ्लेक्स करून आणतो, असा निरोप होता. व्याह्यांचा शब्द, बाबा आधीच हो म्हणून बसले होते.

मामांनी मोबाइल लांब धरून पाहिला. "ब्येस हाय की. कुणाचं?"

"एआयचं," मी म्हटलं.

"त्यानं कुणाचं घेतलं?"

"सगळ्यांचंच. थोडं थोडं."

"मग नावं?"

"नावं नाहीत, मामा."

त्यांनी ब्रश डब्यात ठेवला. "मग न्हाई जमायचं. नक्कल करायला माझी ना न्हाई, पोरी. मी जल्मभर तेच केलं. पर ज्याच्या घरी जेवलो, त्याचं नाव घेतलं. हे तर साऱ्या मुलखात जेवून आलं आन् म्हणतंय, मी उपाशीच हाय!" मग जरा विचार करून म्हणाले, "तू त्यालाच विचार, मोर कुणाचा. विंग्रजीत विचार. मराठीत टाळंल ते."

मी विचारलं. उत्तर लांबलचक आणि अतिशय नम्र आलं. असंख्य चित्रांवरून शिकलो, कुणा एकाचं नाव सांगता येत नाही, असा त्याचा अर्थ मी त्यांना सांगितला.

"पुढाऱ्यावानी हाय," मामा म्हणाले. "बोललं लय, सांगितलं काईच न्हाई." आणि ते घरी निघून गेले.

ताईनं जेवण सोडलं. बाबा फ्लेक्सवाल्याला फोन लावायच्या बेतात होते. लग्न अगदी तोंडावर आलं, तेव्हा सकाळी दार उघडलं तर मामा ड्रमवर चढून ढग रंगवत होते. मशीनचंच चित्र, जसंच्या तसं. फक्त नवरीचं नाक ताईचं होतं. लग्नपत्रिकेच्या मागं मी गुपचूप पेन्सिलीनं काढलं होतं, त्यावरून. ती पत्रिका त्यांच्या हाती कशी लागली, हे मला आजही माहीत नाही.

आणि खाली, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नावं. जिल्ह्यातले त्यांना ठाऊक असलेले सगळे पेंटर, हयात आणि गेलेले. "साऱ्यांचं घेतलं म्हणतंय ना? मग सारे आले पायजेत." सुरुवातीला 'मोर – पालमचे उस्ताद, बहुतेक.' मग 'जमवाजमव – नवरदेवाचा भाऊ.' माझंही नाव होतं, 'नवरीचं नाक' या शब्दांपुढं. आणि शेवटची ओळ त्यांनी आमच्याच पत्रिकेवरून उचलली होती: 'नजरचुकीने कुणाचे नाव राहिले असल्यास हेच आग्रहाचे निमंत्रण समजून यावे.'

दाजींच्या भावानं आपलं नाव पाहिलं आणि लगेच त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढला. त्याआधीच भिंतीचा फोटो कुणीतरी गावभर पाठवला होता. गावाबाहेरही गेला असणार, कारण लग्नाच्या दिवशी एसटीतून पेंटर उतरू लागले. पालमहून काठी टेकत उस्ताद. जिंतूरहून एक निवृत्त चित्रकला-मास्तर, तेही रुसलेले: "कमळ माझं हाय आन् नाव न्हाई?" मामांनी मंडपातच ब्रश मागवला आणि नाव घातलं. बाबा आचाऱ्याकडे पाहत होते, आचारी पातेल्याकडे.

आता मामा नाहीत आणि ती भिंतही चुन्याखाली गेली. मला ते आठवतात ते त्या पंगतीतले. मशीननं ज्यांचं घेतलं, त्यांना ते स्वतः वाढत होते. "मोराला अजून एक जिलबी! ढगाला नको, त्याला शुगर हाय. कमळ, भात घ्या की, रुसवा सोडा आता."

मी पाण्याचा जग घेऊन खांबाआड उभी होते. ते मध्येच थांबले. "नवरीचं नाक कुठंय? ए नाका, हितं ये!"

सगळी पंगत वळून बघू लागली. मी आत पळणार होते. पण उस्ताद आधीच सरकले होते. "आव बेटी, जगा है." मी मान खाली घालून बसले. मामांनी पत्रावळ मांडली, जिलबी ठेवली, आणि जन्मात पहिल्यांदा माझ्याशी अहोजाहो करत म्हणाले, "सावकाश जेवा, आर्टिस्ट."