शालनच्या गाण्याला ठेका कोणी धरला?

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी मला अंगारा पाठवायचं. लहानपणी तिठ्यावर ओवाळून टाकलेला नारळ उचलून गुळाबरोबर खाल्लेला माणूस आहे मी. पुढे नोकरीही विज्ञान शिकवण्याची. काहीतरी कंप पावल्याशिवाय आवाज होत नाही, हे वाक्य किती मुलांना फळ्यावर लिहून दिलं असेल... आणि दर वेळी ते लिहिताना मनात एक दुपार येऊन उभी राहायची.

साल सांगत नाही, पण साठच्या पुढची गोष्ट. आमचा भाग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होता. मालवणपासून थोड्या अंतरावर, सड्यावर, चिऱ्यांची एक लांबलचक इमारत — ते आमचं कॉलेज. विद्यापीठाची मान्यता नवी होती, त्यामुळे उत्साह दांडगा. आज व्याख्यान, उद्या वादविवाद, परवा रांगोळी प्रदर्शन. माझं अक्षर बरं म्हणून दारातल्या ‘आगामी कार्यक्रम’ या फळ्यावर हे सगळं लिहायचं काम माझ्याकडे आलं, आणि त्याच वशिल्याने मी स्नेहसंमेलनाचा चिटणीसही झालो.

संमेलनाला आठवडा असताना एक म्हातारा त्या फळ्यासमोर उभा दिसला. धोतर, काळी टोपी, काखेत छत्री.

“झिला, ह्या फळ्यार आमच्या शालनचा नाव खंय आसा? दाखव मरे माका.”

शालन माझ्याच वर्गात होती. मालवणात आत्याकडे राहून शिकायची, आणि गळा असा की ती गुणगुणली तरी वर्ग गप्प व्हायचा. संमेलनात तिचं नाट्यगीत होतं. मी नाव दाखवलं. म्हाताऱ्याने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, तेही खडू पुसणार नाही अशा बेताने.

हे तिचे आजोबा, भिकाजीबाबा. गाव कुडाळच्या बाजूला. सगळा जन्म दशावतारात मृदंग वाजवण्यात गेलेला.

“मृदंग कोण वाजवतलो?”

“बेळगावचो तबलजी येतलो, बाबा.”

“येवंदे. पण आमच्या चेडवाच्या गाण्यार एकदा माझो हात होयो. दुसरा काय एक मागना नाय.”

संमेलनाचं सगळं बघणाऱ्या आमच्या सरांकडे मी त्यांना नेलं. सर पुण्याचे, माणूस सज्जन, पण दशावतार म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी यायची. कागदातून मान वर न करता ते मला म्हणाले, “कार्यक्रम ठरलाय. त्यांना नारळ द्या.”

आता इथेच घोळ आहे. सरांच्या मराठीत नारळ देणे म्हणजे बोळवण करणे. आमच्या गावांत दशावताराचा खेळ ठरवताना कलावंताच्या हातात नारळ ठेवतात. नारळ हातात पडला की शब्द पडला, मग यायचंच. मला दोन्ही अर्थ ठाऊक होते. पण त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. सत्कारासाठी आणलेल्या नारळांतला एक उचलला आणि गुपचूप त्यांच्या हातात ठेवला. सरांचं ऐकलं, अशी स्वतःची समजूत घातली. भेकडपणा, दुसरं काय!

बाबांनी नारळ कपाळाला लावला. “आजपावत नारळ घेवन खेळ चुकवक नाय,” म्हणाले, आणि छत्री टेकत उतार उतरून गेले. शालनला हे सांगायला हवं होतं, पण आज सांगू, उद्या सांगू करत तेही राहिलं.

संमेलनाच्या दिवशी दुपारी तीनला कार्यक्रम सुरू झाला. पहिलंच गाणं शालनचं, आणि तबलजींचा पत्ता नाही. एसटी आंबोलीच्या घाटात बंद पडल्याचा निरोप आला. सर म्हणाले, “नुसत्या पेटीवर म्हणू दे.” पेटी वाजवायला आमचे संस्कृतचे मास्तर बसले होते. शालनच्या डाव्या हाताला तबलजींसाठी अंथरलेली सतरंजी रिकामीच होती. मी बाजूच्या पडद्याआड उभा, सतरंजीपासून चार हातांवर.

तिने सूर लावला. दुसऱ्या ओळीला मृदंग सुरू झाला.

दुरून कुठूनतरी नव्हे... समोरून, त्या सतरंजीवरून. आधी दबकत, मग भरदार. मृदंगाच्या डाव्या पुडीचा घुमारा माझ्या पायाखालच्या फळीतून मला जाणवत होता. मी सतरंजीकडे बघत होतो आणि तिच्यावर कोणी नव्हतं. पडद्याआड मी सोडून कोणी नव्हतं. समोर लोक माना डोलावत होते. मास्तरही पेटीवर रंगले होते. त्यांना वाटलं, वाजवणारा पडद्यामागे आहे. गाणं संपलं आणि मंडप टाळ्यांनी दणाणला. तेवढ्यात घामाघूम झालेले तबलजी मागच्या दाराने आत आले आणि हसत म्हणाले, “एवढा चांगला पखवाजी असताना मला कशाला बोलावलंत हो?”

शालन आत आली ती चिडूनच.

“ठेक्याशिवाय गायला लावलंत मला. लय सुटली असती म्हणजे?”

मला वाटलं, थट्टा करतेय. पण तिचे डोळे भरले होते.

थोड्या वेळाने शिपाई सतरंजी गुंडाळायला गेला आणि कुरकुरत आला. “हय पीठ कोणी सांडल्यान?” बघितलं तर ओल्या कणकेचा लहानसा गोळा. मृदंगाच्या डाव्या पुडीला घुमारा यावा म्हणून कणीक लावतात, वाजवून झालं की खरवडून काढतात. तबल्याला कणीक लागत नाही. आणि तबलजींनी तर आपली पेटारी उघडलीही नव्हती.

संध्याकाळच्या गाडीने शालनचे काका आले. बाबा चार दिवस तापाने पडून होते. संमेलन चुकायला नको म्हणून तिला कळवू दिलं नव्हतं.

“सकाळपासून मृदंग मागी होते,” काका मला म्हणाले. “मांडयेर दिलो. पीठ मळून घेतल्यानी, पुडयेक लावल्यानी. पण हात काय वर इलो नाय. तिनाच्या सुमाराक गेले.”

कणकेचं मी त्यांना सांगितलं नाही. नारळाचं तर नाहीच नाही.

गेल्या वर्षी कणकवलीत एका लग्नात शालन भेटली. दोघांचेही केस पांढरे. पंगतीनंतर बाजूबाजूला खुर्च्या टाकून बसलो आणि इतक्या वर्षांनी मी तिला सगळं सांगून टाकलं. नारळ, सतरंजी, कणीक. जन्मभर शाळेत शुद्ध मराठी शिकवलेली बाई, बोलली ती घरच्या बोलीत.

“मालवणातली चेडवां माका चिडवायची, दशावताऱ्याची नात म्हणान. फळो बघून आजो आत्याच्या घराक इल्लो. नारळ दाखवल्यान. माका रागच इलो. मी तेका म्हटलंय, तू थंय येव नको, तुझो मृदंग माझ्या कानार पडाक नको.”



ज्यांनी ऐकलं त्यांतले आता चार-दोनच उरलेत. सगळ्यांना भास झाला म्हणावं, तर तिला एकटीला का नाही? बरं, भासाला कणीक लागते का?

शालनने डोळे पुसले. “आज्यान कसो वाजवल्यान रे? सांग मरे माका.”

मला तालातलं ओ की ठो कळत नाही. तरी आठवेल तसा खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका धरला. चुकत होतो. ती डोळे मिटून ऐकत राहिली.