पिल्लू किती वाढणार

मी आठवीत होते त्या वर्षी आईला टायफॉइड झाला. ताप बरेच दिवस रेंगाळला, आणि उतरला तेव्हा तिचं ऐकणंही घेऊन गेला. समोर उभं राहून सावकाश बोललं, की ओठांकडे बघून तिला कळायचं. पाठीमागून कितीही हाका मारा, काही उपयोग नाही. मध्य प्रदेशातल्या बालाघाटात आम्ही सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. बाबा सिंचन खात्यात ओव्हरसियर. कालव्यांच्या पाहणीला ते सायकलनं सकाळीच निघायचे, मी शाळेत जायची, आणि आई दिवसभर एकटी.

एकदा बाबा भर दुपारी परतले. दाराला आतून कडी. त्यांनी दार ठोठावलं, मागच्या बाजूनं जाऊन हाका मारल्या, आणि शेवटी उन्हातच पायरीवर बसून राहिले. माझी यायची वेळ झाली तशी आईनं नेहमीप्रमाणे दार उघडलं, तर समोर बाबा. त्यांचा लालबुंद चेहरा बघून ती रडायलाच लागली. दुसऱ्या दिवसापासून तिनं कडी लावणं सोडून दिलं. मग एके दिवशी जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई हाका मारत मारत सरळ स्वयंपाकघरात आली. आईनं मान वळवली आणि इतकी दचकली, की हातातली कढई खाली पडली.

"आता कुत्रा पाळतो," बाबा म्हणाले. "चांगला दांडगा. दारात बसला, की कोणाची हिंमत नाई होणार आत याची."

तिरोडीच्या खाणीवरचे एक साहेब बदलून गेले होते. त्यांच्या कुत्रीची पिल्लं तिथल्या माळ्यानं सांभाळली होती. बाबा कामानिमित्त तिकडे गेले आणि त्यातलं एक पिशवीत घालून बसनं घेऊन आले. कुत्री साहेबांबरोबर गेलेली, त्यामुळे तिचा आकार काही बाबांनी पाहिला नव्हता. माळ्यानं मात्र छातीठोकपणे सांगितलं होतं, "बाबूजी, शेर निकलेगा शेर."

पिशवीतून पांढऱ्या केसांचा एक गोळा बाहेर आला आणि सरळ आईच्या लुगड्याखाली लपला. आई दोन पावलं मागे सरली. बाबा म्हणाले, नाव आत्ता नको, थोडा मोठा होऊ दे, मग त्याला शोभेल असं ठेवू. तोवर आम्ही त्याला पिल्लू म्हणत होतो.

दर रविवारी बाबा कालव्यावरची फीत काढायचे आणि पिल्लाला भिंतीशी उभं करून खांद्यापर्यंतची उंची मोजायचे. ते फीत चावायचं, मी त्याचं तोंड धरायची. पहिले काही रविवार बाबा खुशीत होते. शेजारी एक म्हातारे राहत. जंगल खात्यात जन्म गेलेला. त्यांनी एकदा पिल्लाचा पंजा तळहातावर घेतला आणि मान हलवली.

"पंजा पाहा न साहेब, लहान आहे. हा काही मोठा होऊन नाई राह्यला."

"काहून नाई होणार? दूध पिते, भात खाते. केस पाहा केवढे आहेत!"

"केसच आहेत, साहेब. आंघोळ घालून पाहा एकदा."

बाबांना ते आवडलं नाही. पण त्या रविवारी आम्ही पिल्लाला आंघोळ घातली आणि ओलं झाल्यावर ते खरंच एवढंसं दिसलं. बाबा बादलीशेजारी उकिडवे बसून त्याच्याकडे बघतच राहिले.

पुढं फितीवरचा आकडा फारसा हलेनासा झाला. बाबांनी पिल्लाला पिशवीत घातलं, पिशवी सायकलच्या दांडीला अडकवली, मला मागं बसवलं आणि आम्ही जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी दात पाहिले, पाय चाचपले, वजन केलं. दोन किलोही भरलं नाही.

"चार महीने का है. छोटी नस्ल है," ते म्हणाले. "अभी जितना है, समझिए उसका दुगना. साल भर में पूरा हो जाएगा."

"मतलब चार किलो?"

"चार भी मुश्किल से. दूध ज़्यादा पिलाएँगे तो मोटा होगा, बड़ा नहीं."

घरी आल्यावर आईनं विचारलं, तेव्हा त्यांनी हात जमिनीपासून जेमतेम वीतभर वर धरून दाखवला. आई त्या हाताकडे बघत राहिली आणि मग हसली. आजारपणानंतर ती इतकं मोकळं हसलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "मले मोठ्या कुत्र्याचं लय भेव वाटते. तुम्ही एवढे खुशीत होते, म्हणून बोलली नाई."

त्या दिवसापासून पिल्लू स्वयंपाकघरात राहायला लागलं. दारात बसणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. अनोळखी माणूस आला की ते भुंकायचं सोडून आत पळायचं आणि पुढचे दोन्ही पाय आईच्या पावलावर ठेवून थरथरत उभं राहायचं. सुरुवातीला आई त्याला उचलून गप्प करायची. मग तिच्या ध्यानात आलं, की हे असं करतं तेव्हा दारात कोणीतरी असतंच. ती त्याला पोळीचा तुकडा द्यायला लागली. हळूहळू पिल्लाची भीती गेली, सवय मात्र राहिली. पोस्टमन असो की शेजारीण, कडी वाजली की ते आधी आईच्या पावलाशी.

हे सगळं माझ्या शाळेच्या आणि बाबांच्या कामाच्या वेळात घडत होतं, म्हणून मला आणि बाबांना काही पत्ताच नव्हता. आईनं पुन्हा कडी लावायला सुरुवात केलीय, एवढंच दिसायचं. एका शनिवारी शाळा लवकर सुटली. गल्लीच्या तोंडाशी बाबा भेटले. तेही लवकर आले होते. दार बंद बघून ते थबकले, सवयीनं कडी वाजवली आणि पायरीवर बसायला वाकले. तेवढ्यात दार उघडलं. आई उभी होती, पायाशी पिल्लू.

"तुले कसं समजलं?" बाबांनी हातानंच विचारलं.

आईनं पिल्लाकडे बोट दाखवलं.

बाबांनी तिला आत जायला सांगितलं, दार लावून घ्यायला सांगितलं आणि पुन्हा कडी वाजवली. पुन्हा दार उघडलं. मग त्यांनी मला वाजवायला लावली आणि स्वतः खिडकीतून आत पाहत राहिले. आई चुलीपाशी पाठमोरी बसली होती. पिल्लू धावत गेलं, पावलावर पाय ठेवले, आणि ती उठली. बाबा खिडकीचे गज धरून उभे होते. त्यांचे डोळे भरून आले होते. आत जाऊन त्यांनी त्या चार किलोच्या जिवाला उचलून छातीशी धरलं. "बरं झालं बाप्पा, वाढला नाईस," एवढंच म्हणाले.

मोठा कुत्रा दारात भुंकला असता. आईला त्यातलं काय ऐकू आलं असतं? हे आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

आईला धीर आला. खैरलांजीजवळ तिचं माहेर होतं. आजारानंतर ती एकटी कुठंच गेली नव्हती. त्या दिवाळीनंतर तिनं पिल्लाला पिशवीत घेतलं आणि बसमध्ये बसली. मी सोबत होते, पण तिकीट तिनंच काढलं. कंडक्टरनं पिशवीत डोकावून पाहिलं.

"बच्चा है क्या, माताजी?"

त्याचे ओठ आईनं बरोबर वाचले. "नाही भैया," ती म्हणाली, "पूरा हो गया. इतनाच है."

कंडक्टर हसला, पुढं गेला. आईनं पिशवी मांडीवर घेतली आणि खिडकीबाहेरचं कापणीला आलेलं धान बघत बसली.